चौदा टक्के

वसमत, बुधवार, १५ ऑक्टोबर २००३

शाळेच्या कॉम्प्युटरची डिस्क-तपासणी दिवसभर चौदा टक्क्यांवर जायची आणि पुन्हा शून्यावर यायची. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, डिस्क गेली. सगळं पुसून टाकू."

पुसून टाकू म्हणे! दहावीच्या परीक्षेचे अर्ज परवा जायचे, आणि मुलींची अख्खी यादी त्यात. दुसरी प्रत नाही, ही चूक माझीच. मी साफ नाही म्हटलं आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. काही वेळ कोणी हात लावला नाही, की आमच्या क्लार्कने, राठोडने, बसवलेला बालाजीचा फोटो पडद्यावर तरंगत येई, आणि तपासणी पहिल्यापासून. सकाळीच कसं दिसलं नाही मला?

मी फोटो बंद करायला लागले, तसा राठोड उठलाच. "देवाला काहून काढून राहिल्या, मॅडम? तकलीफ व्हईल."

"तकलीफ तोच देऊन राहिलाय. बाहेर भिंतीवर लावा, हार मी आणते."

चौदा. पंधरा! राठोडने हात जोडले, कोणाला ते विचारलं नाही. सहा वाजता शंभर. यादी उघडली, एकही नाव गेलेलं नाही.

दुरुस्तीवाल्याला कळवलंय: उद्या या, चहा घ्या, डिस्कला हात लावायचा नाही.