बॅजवरचा आकडा

३ एप्रिल, सकाळ
आजपासून नियम म्हणजे नियम. एक्स-रे काढताना पेशंटच्या तोंडातला सेन्सर आपल्या बोटानं धरायचा नाही. होल्डर लावायचा, दाराबाहेर जायचं, मगच बटण दाबायचं. बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसाला हे काल-परवा नोकरीला लागलेल्या यामिनीनं शिकवावं! ऐकून घेतलं. मन मोठं आहे माझं.

३ एप्रिल, संध्याकाळ
ग्वारीघाटावर फुलं विकणाऱ्या आजी आल्या. होल्डर लावला की ओकारी यायची त्यांना. म्हणाल्या, भैया, अकेले मत छोड़ो. धरला सेन्सर. एकदाच. म्हणजे चारदा, फोटो हलत होता.

१२ एप्रिल
बायकोचा, विनताचा, फोन नाही. मुलाकडे, तनयकडे, पुण्याला पंधरा दिवसांसाठी गेली, त्याला आठ महिने झाले. नात दुर्वा लहान आहे. येईलच. आज खिचडी केली. कालही खिचडीच होती, पण आजची जमली.

६ मे
बॅजचा रिपोर्ट आला. अंगावर किती रेडिएशन पडलं ते हा बॅज मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. माझा आकडा मर्यादेच्या बाहेर. डॉक्टर अर्चना मॅडमनी एक्स-रेच्या खोलीत जायची बंदी केली, रक्त तपासायला पाठवलं. घाबरलो नाही. जिन्यात अर्धा तास बसलो ते उकाड्यामुळे.

६ मे, संध्याकाळ
विनताला फोनवर सहज सांगितलं. रडली. म्हणाली, काहून एकटे मरून राहिले तिथं? दहा तारखेचं तिकीट काढते. मी म्हटलं, कशाला उगाच. हळूच म्हटलं.

७ मे
चादरी धुतल्या. फ्रिज पुसला. ती आली की खोव्याची जिलबी आणायची. बऱ्याच दिवसांनी शीळ वाजवली. बोट दुखल्यासारखं वाटतंय, तेही तिला दाखवता येईल.

८ मे, दुपार
रक्त ठणठणीत. घोळ यामिनीनं शोधला. माझा बॅज शिशाच्या एप्रनलाच टाचलेला. एप्रन जड, म्हणून मी घालत नाही. तो तीन महिने मशीनसमोर खुंटीवर. सगळं रेडिएशन खुंटीनं खाल्लं. मॅडम रागावल्या, मग हसल्या. मीही हसलो.

८ मे, संध्याकाळ
विनताला लगेच कळवलं. लपवाछपवी आपल्या स्वभावात नाही. म्हणाली, सुटले बाई. मग म्हणाली, दुर्वाला दात येऊन राहिले, रात्रभर रडते, तर तिकीट कॅन्सल करते. मी म्हटलं, अच्छा, करून टाक, इथं तसंही ऊन फार आहे.
फोन ठेवला. दोन दिवस गप्प बसलो असतो तर आली असती.