एकही खिळा न ठोकता

प्रिय आ-युन,

परवा फोनवर तू म्हणालीस, बाळंतपणानंतरचा महिना तायपेईतल्या बाळंतिणींच्या केंद्रातच काढीन. बाबा, तुमच्याकडे माझ्या खोलीत साप राहतात, मी झोपू कुठे? मी नुसतं हो-हो केलं. फोनवर मला कधी नीट बोलता आलं नाही. तुझी आई होती तेव्हा फोन तीच घ्यायची. म्हणून आता लिहायला बसलोय.

तुझं म्हणणं खरंच आहे. तू सासरी गेलीस आणि तुझ्या पलंगाभोवतीच्या भिंती मी सापांच्या कपाटांनी भरून टाकल्या. चियायीचा सुतार मी, पेट्या विकत आणणं मला कमीपणाचं वाटायचं. आपल्या अजगरिणीची, तांगयुआनची, पहिली पेटी आठवते? सारं गाव ज्याचा तोरा मिरवतं ते आपल्या डोंगरातलं सुवासिक लाकूड वापरलं, आणि त्या वासानं तिनं खाणंच सोडलं. तू शाळेतून आलीस आणि दप्तरही न ठेवता ओरडलीस, "बाबा, तिला अत्तराच्या बाटलीत कोंडलंय तुम्ही!" मग साध्या प्लायवूडची, काचेच्या दाराची पेटी केली. तिथे ती सुखानं राहिली, पण दर हिवाळ्यात नर सोबत ठेवूनही तिनं कधी अंडी घातली नाहीत.

तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच मी ठरवलं, साप खाली कारखान्यात हलवायचे. नव्या कपाटांसाठी हातोडी उचलली, तेवढ्यात चिन-ईंग आत्या सूपचं भांडं घेऊन दारात. "अरे, पोरगी पोटुशी आणि तू खिळे ठोकतोस? गर्भदेवाला लागलं म्हणजे? त्याला लागलं की बाळाला लागतं!" मी म्हटलं, पोरगी तायपेईत, तिचा गर्भदेवही तिकडेच. "आणि तिचा पलंग कुठे आहे? तो तिथेही येऊन बसतो. बायको गेली तशी अक्कलही गेली की काय तुझी!" मी हसलो. पण हातोडी खाली ठेवली.

खिळा नाही, भोक नाही, पलंग हलवायचा नाही. मग सापांना ठेवायचं कशात? शेवटी ज्यांना जन्मभर नावं ठेवली तेच प्लास्टिकचे डबे आणले, अपारदर्शक, बुटके, लोखंडी मांडणीत सरकणारे. हवेची भोकंसुद्धा दुकानातूनच पाडून घेतली. खाली उबेची पट्टी, आत ओलं शेवाळ. तांगयुआनला त्यात ठेवताना मला तिच्यापुढे लाजच वाटली, तिला बंगल्यातून खुराड्यात आणल्यासारखं झालं. आणि आ-युन, त्याच डब्यात तिनं अंडी घातली! त्यांना वेढे घालून बसली आहे, डोकं तेवढं वर. काचेआड मी तिला येता-जाता न्याहाळायचो. तिला अंगाला भिडणारी, अंधारी, उबदार जागा हवी होती, आणि कोणी सारखं डोकावायला नको होतं. इतकी वर्षं साप पाळून हे मला आता कळलं.

गर्भदेवावर माझा विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. पण मागच्या वसंतात तू इस्पितळातून रिकाम्या हातानं घरी गेलीस. आपण दोघं फोन नुसता कानाला धरून बसलो होतो. ते दुरुस्त करण्याजोगं माझ्या हातात काहीच नव्हतं. या खेपेला निदान हात आवरता येतात, म्हणून आवरलेत. हातोडी आत्याकडे ठेवून आलोय. तुझा पलंग बोटभरही हलवला नाही, खालचा केर पोटावर पडून काढला. भिंतीवरची रिकामी कपाटं उकळत्या पाण्यानं धुतली. त्यात दुपटी ठेवू म्हटलं तर आत्यानं कपाळावर हात मारला. तीच मला बाळंतिणीची तिळाच्या तेलातली कोंबडी शिकवते. पहिली चाखून म्हणाली, "ही खाल्ली तर बाळंतीण बाळासकट पळून जाईल." आता बरी जमते.

पोरी, तो महिना इथे काढ. मला तुम्ही दोघं माझ्या घरात हवी आहात. दार वाजवल्याशिवाय मी आत येणार नाही, सारखं डोकावणारही नाही. पाळण्यासाठी लाकूड निवडून ठेवलंय, बिनवासाचं. अजून करवत लावलेली नाही. बाळाचा पहिला ट्यांहा जावईबापूंनी मला फोनवर ऐकवायचा, की मी तसाच चपला घालून आत्याकडे हातोडी आणायला निघालो म्हणून समज.

तुमच्या दोघांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
बाबा