पाच नंबरचे आबा

१२ जानेवारी, सोमवार
आबांचं डोकं एकदाचं झालं. हनुवटी मात्र माझ्या मनाची. दिनेशशेठने (यापुढे दि. शे.) वडिलांचा एकच फोटो दिलाय, सत्काराचा, आणि त्यात हार पार खालच्या ओठापर्यंत. टोपी, डोळे, मिशी, खाली सगळा झेंडू. तेवढ्यावरून कम्प्युटरवर अख्खा अर्धपुतळा घडवला. मागची बाजू फोटोत असण्याचा प्रश्नच नव्हता. पप्पा गॅलरीत पेपर वाचत बसलेले, त्यांची मान बघून उरकून टाकली.
पप्पांशी ठरलंय: महिनाअखेर पुतळा पास झाला तर मी घरी बसून हेच काम करणार. नाहीतर परत मॉड्युलर किचनवाल्यांकडे, ड्रॉवर काढायला. पप्पा उघडपणे ड्रॉवरच्या बाजूने आहेत.

१४ जाने., बुध.
व्हिडिओ पाठवला. आबा सावकाश गोल फिरतायत. मला आवडला होता. दि. शे.चा फोन: "मॅडम, आईला चक्कर आली. ते फिरवू नका. एका फोटोत सगळं बसवा, प्रिंट काढून ओटीवर लावतो, घरातले एकदाच बघून घेतील." वर्षश्राद्धाला गेटवर बसवायचाय, फायबरवाल्याला पुतळा ओतायला वेळ लागतो, म्हणून घाई.
बसवलं. एकाच चित्रात पाच आबा ओळीने: समोरून, तिरके, डावीकडून, उजवीकडून, पाठमोरे. उंची सारखी, उजेड सारखा. बोलताना सोपं जावं म्हणून खाली १ ते ५ आकडे टाकले.
पप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले, "पंचमुखी करायला सांगितलेत का?"

१६ जाने., शुक्र.
आकडे टाकायला नको होते. मला त्यांच्या फॅमिली ग्रुपवर घेतलंय आणि तिथे मतदान सुरू आहे. दि. शे. – २. धाकटा भाऊ – ३, "कारण १ मधे आबा रागावलेत." मोहने गावात दिलेली बहीण – "चेहरा २ चा घ्या, नाक ४ चं." एक सून – "४ तरुण वाटतात."
मी लिहिलं, पुतळा एकच आहे, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी दाखवलाय.
दि. शे. – "हो मॅडम, एकच करायचाय. म्हणून तर निवडतोय."
जेवले नाही नीट. आई म्हणते, लोकांच्या आबांसाठी कशाला उपाशी राहतेस.

१८ जाने., रवि.
समजावायला स्वतः गेले. ठाण्याला, खाडीकडे. गाव कुठे ते विचारावं लागलं, टॉवरांच्या मधोमध आहे. घर मात्र लांबूनच सापडलं, कारण प्रिंट म्हणजे यांनी फ्लेक्स काढलाय. ओटीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत पाच आबा. रिक्षावाला म्हणाला, "पॅनेल कुठल्या पक्षाचं आहे?" पाठमोऱ्याकडे बघून म्हणाला, "हा रुसलाय वाटतं."
देवघरातून नारळ मागून घेतला. हातात फिरवत सांगितलं: हा समोरून, हा बाजूने, हा मागून, नारळ तोच. सगळ्यांनी माना हलवल्या. मोहन्याच्या ताई म्हणाल्या, "आता कलला. मंग दोन नंबरच."
रडू यायचं बाकी होतं.
तेवढ्यात आजी उठल्या. म्हणजे दि. शे.ची आई. इतका वेळ खुर्चीवर गप्प बसून होत्या. फ्लेक्सच्या शेवटच्या टोकाला गेल्या, पाच नंबरवर हात ठेवला. "यो बराबर हाय. बाकीचं कोन?"
दि. शे. हळूच म्हणाला, "आई, ती मागची बाजू हाय."
"मना कलतं. जलमभर त्याचे मांगूनच चालले, बांधावरशी, डोक्यावर मिठाची पाटी. तोंड बगाला टाइम कोनाला व्हता?"
मग माझ्याकडे वळून: "फकस्त मान चुकलीस, पोरी. सरल केलीस. यो जराशी कलती ठेवाचा. वलून बगाचा नाय कदी, पन मी येतेय का नाय त्ये आयकाचा."
ती मान आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतली, पप्पांची, हे सांगायची ही वेळ नव्हती.
निघताना गेट बघितलं. पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे असणार. आजींची खुर्ची ओटीवर. म्हणजे जगाला आबा समोरून दिसणार आणि आजींना रोज पाठमोरेच. जी बाजू मी उरकली तीच. लाज वाटली.

२० जाने., मंगळ.
दोन दिवस फक्त मान. टोपीखालची वळी, कानामागचं हाड. डावीकडे थोडी कलवली, जास्त झाली, कमी केली. डोकं कललं की अर्थातच पाचही आबा बदलले.
नवीन चित्र पाठवलं. पाठमोरे सगळ्यांत आधी, समोरचे शेवटी. आकडे काढून टाकले.
ग्रुपवर धाकटा भाऊ – "आमचा ३ कुठे गेला?" सून – "मॅडमनी सगळे नवीन आणले का?" मोहन्याच्या ताई – "आधीचे चांगले होते." मी फोन पालथा घालून ठेवला.

२२ जाने., गुरु.
दुपारी दि. शे.चा फोन.
"मॅडम, समोरून आबा वाकडे वाटतात."
"वाकडे नाहीत. ऐकतायत."
"काय ऐकतायत?"
"आई मागून येतायत का, ते."
मग म्हणाला, "पन रस्त्यावरचे लोक काय बोलतील? सत्कार चालू आनि आबांचं लक्ष नाय?" आणि नंतर, वेगळ्याच आवाजात, "बगतो मी. सगळ्यांना विचारतो." फोन ठेवला.
सरळ मानेची फाइल अजून आहे माझ्याकडे. ती पाठवली तर उद्या पास होईल. आईला विचारलं काय करू. म्हणाली, ड्रॉवर सरळच असतात, तिकडे परत जा.

२५ जाने., रवि.
सकाळपासून ग्रुप शांत. एकही आकडा नाही, मोहन्याच्या ताईंचासुद्धा नाही. एकच फोटो आला, कोणी काढला कळत नाही: नवा फ्लेक्स ओटीवर, आणि आजींनी खुर्ची उचलून पहिल्या, पाठमोऱ्या आबांच्या मागे, म्हणजे अगदी पाठीशी, नेऊन ठेवलीय.
फायबरवाल्याचे दोन मिस्ड कॉल. त्याला आज कळायला हवं, सरळ की कलती.
पप्पा गॅलरीत, पेपर. आई आतून चहा घेऊन येत होती, पैंजण नाही, बांगड्या नाहीत, साधी स्लिपर. पप्पांनी वळून बघितलं नाही. पानही उलटलं नाही. फक्त मान जराशी डावीकडे गेली.
पंधरा दिवस याच मानेकडे बघतेय मी.
सरळवाली फाइल डिलीट केली. मग दि. शे.ला फोन लावला. रिंग वाजतेय.