बाबांच्या पानाशेजारचा पाहुणा

स्टेट कॉलेज,
१० ऑक्टोबर २००४

ती. आईस आश्लेषाचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझे गुडघे कसे आहेत? केदार गोळ्या वेळेवर आणतो ना?

काल पितृपक्षातली बाबांची तिथी इथे अमेरिकेतही केली. वडे, कढी, खीर सगळं जमलं. बाबांचं पान मांडलं आणि शेजारी एक पाहुणा बसवला.

हर्डीकर. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत, जाफन्याला, आपली फौज पाठवली तेव्हा दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर होते. परवा आमच्या विद्यापीठात त्यांचं भाषण झालं, दुसऱ्या देशाच्या यादवीत सैन्य का घालावं यावर. म्हणे, निव्वळ माणुसकीपोटी! बाकीच्या मुलांनी वाद घातला. मी गोड हसून त्यांना घरी जेवायला बोलावलं.

मराठी जेवण बघून माणूस खुलला. खीर ओरपत म्हणाला, "अगं, माणुसकी भाषणापुरती. तिथे दुसऱ्या कुणी पाय रोवू नयेत, एवढंच होतं." मग विचारलं, "हे पान कुणाचं?"

"माझ्या बाबांचं. सुभेदार होते, जाफन्यात गेले. त्यांनाही तुम्ही माणुसकीच सांगितली होती."

त्याने वाटी खाली ठेवली. मी मुद्दाम आणखी एक वडा वाढला. तो अर्ध्या जेवणातून उठला आणि मी त्याला थांबवलं नाही.

पाहुण्याला भरल्या पानावरून उठवू नये, हे तूच शिकवलंस. रागाव हवं तर. पण आधी एवढं कळव, दरवर्षी तासन्‌तास ताटकळत ठेवणारा कावळा यंदा बाबांच्या घासाला लगेच शिवला ना?

तुझी,
आश्लेषा