कांद्याच्या लिलावाआधीची तपासणी

बाई, काल मंचरला जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून तिकडे जायचं टाळतच होते, पण तालुक्यातल्या परिचारिकांना शिकवायला बोलावलं आणि नाही म्हणवेना.

तुम्ही कॉलेजात आम्हाला नर्सिंग शिकवायचात आणि उरलेल्या वेळात पीएचडीच्या कामासाठी या गावांतून हिंडायचात, तेव्हा मी तुमच्याबरोबर असायचे. ब्लडप्रेशरच्या बायका तपासणीला का येत नाहीत, हा तुमचा प्रश्न. दवाखान्यात उत्तर तयार होतं, अडाणी आहेत, आळशी आहेत. कळंबच्या एका घरी तुम्ही चुलीपाशी मांडी घालून बसलात, लसूण सोलू लागलात आणि विचारलंत. ती बाई म्हणाली, "डाक्टर येत्यात तवा आमी मार्केटात कांदा निवडत असतो. हजेरी बुडवून कोण ईल?"

हेच तुम्ही दवाखान्याच्या बैठकीत मांडलंत. नर्सची तपासणी पहाटे, लिलावाआधी ठेवा म्हणालात. मोठे डॉक्टर हसले. "सिस्टर, नर्सच संशोधन करायला लागल्या तर इंजेक्शनं कोण देणार?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मीच देईन, सर. आणि पेशंट परत का आला नाही, तेही मीच विचारीन." मी मागून टाळी वाजवली. बाहेर आल्यावर मला झापलंत, "टाळ्या नकोत. उद्या टेबल धरायला ये."

मग तो हिवाळा. मार्केटच्या फाटकाशी टेबल, शाल गुंडाळलेल्या तुम्ही. आधी दोघीतिघी बायका, मग रांग. संध्याकाळी तुमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात पिठलं रटरटतंय, तुम्ही स्टोव्हपाशी उभ्या राहून शोधनिबंधातलं एकेक वाक्य मोठ्यानं म्हणताय आणि मला विचारताय, "हे त्या बाईला पटेल का गं?" निबंध छापून आला. पुढे काहीच झालं नाही. तुमची बदली झाली आणि टेबलही उठलं. तुमच्या निबंधावर मी माझं काम उभं केलं, माझ्या कामावर माझ्या विद्यार्थिनींनी. पहाटेची तपासणी सरकारी आदेशात उतरेपर्यंत तुमचं नाव मात्र कुठेतरी गळून गेलं.

काल उजाडताना मंचरच्या त्याच दवाखान्यात नर्सची खोली उघडी होती. डिंगोरे गावची एक तरुण परिचारिका बायकांचं बीपी बघत होती. हे कुणी सुरू केलं, मी विचारलं. "म्हाईत नाय मॅडम. आता सगळीकडंच असं करत्यात. बायांना लई बरं पडतं." तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या बाईला कामावर जायची घाई होती. मी दारातून बाजूला झाले.

तुमची खुर्ची आता माझ्याकडे आहे. परिषदांना बोलावतात, मान देतात. घरी आल्यावर मात्र दिवा मीच लावते. तुम्ही मला इतक्या आग्रहानं जेवायला का थांबवून घ्यायचात, ते आता कळतं.

खोली रिकामी झाल्यावर त्या मुलीनं गमतीनं माझ्याही दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून तिनं पट्टा पुन्हा नीट आवळला. दुसऱ्यांदा मोजलं. "मॅडम, घरी कुणाला तरी सांगा," म्हणाली. मी हो म्हटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं. पण कुणाला सांगावं म्हणून काल घरी आल्यापासून विचार करतेय, तर तुम्हीच आठवलात.