मागच्या सीटचा खडखडाट

सर्व्हिस मॅनेजर साहेब,

आमच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन खडखडतंय, हे तुमच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. दर वेळी तुमचा मेकॅनिक रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर फिरवून आणायचा आणि तुम्ही हसून म्हणायचात, "मॅडम, भास होतोय तुम्हाला."

शेवटी मी सासूबाईंनाच घेऊन आले. त्या मागे बसल्या की आवाज हमखास यायचा. "आजी, जरा उतरता का? ट्रायल घेतो," तुम्ही म्हणालात. "मी उतरणार नाही. तूच पुढे बस आणि खड्ड्यांतून घे," त्या म्हणाल्या. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. वॉरंटीत नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर निमूटपणे मिळाले, वर सासूबाईंना चहाही.

आता गाडीत चिडीचूप शांतता आहे आणि तीच माझ्या मुळावर आली आहे. त्या खडखडाटात सासूबाई मागून काय बोलायच्या ते मला कधी ऐकूच आलं नाही. मी आपली आरशात बघून "हो, हो" म्हणायचे. काल पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं, "माझ्या बहिणीला कायमचं राहायला बोलवू का विचारलं, तर लगेच हो म्हणालीस. गुणाची गं माझी सून!"

मावशी सोमवारी येताहेत. त्याही मागेच बसणार.

हे पत्र पाठवायची हिंमत नाही, कारण गाडीचं काहीही असलं की तुम्ही हल्ली सासूबाईंनाच फोन करता. पण साहेब, ते जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर भंगारात तर नाही ना टाकलेत?

गाडीपेक्षा जास्त हादरलेली,
तुमची ग्राहक