खताला भेंडी मानवते

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. मुख्याध्यापिका शीला मॅडमनी माझ्या पर्यावरणाच्या तासाला अखेर मान्यता दिली. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे: पर्यावरण हा एका वर्षात उरकायचा विषय नव्हे. पहिलीची तुकडी धरायची, ती थेट दहावीपर्यंत सोडायची नाही. आराखडा तयार. पहिलीला कचरा, तिसरीला पाणी, पाचवीला शहाडच्या पुलावरून उल्हास नदी. दहावीला मुलं डोंबिवली सांभाळतील. तेव्हा मी सत्त्याहत्तरचा असेन. तब्येत उत्तम आहे.
मॅडम म्हणाल्या, सध्या शनिवारी छोट्या सुट्टीआधीचा अर्धा तास घ्या, मग बघू. म्हणजे होच.
साकेतला फोन केला. मुलगा घोडबंदरला राहतो, पण ठाण्याहून डोंबिवली त्याला काशीयात्रा वाटते. म्हणाला, छान झालं बाबा, मन रमेल. मी मन रमवायला नाही, पिढी घडवायला चाललोय! हे फोन ठेवल्यावर सुचलं.

२१ जून, शनिवार
पहिला तास. फळ्यावर 'शाश्वत विकास' लिहिलं. पहिलीला जोडाक्षरं येत नाहीत, हे मला आधी कोणी सांगितलं नाही. एका मुलाने विचारलं, तुम्ही कोणाचे आजोबा? म्हटलं, सगळ्यांचा. त्याला पटलं नाही.
थिअरी रद्द. प्रॅक्टिकल सुरू. सायकल स्टँडमागे खताचा ड्रम बसवून घेतला. पुढच्या शनिवारी ओला कचरा आणायचा.

२८ जून, शनिवार
कचरा आणायला सगळे विसरले. पण वल्लरी नावाची मुलगी (पुढचे दोन दात पडलेले) डबा उघडून उभी राहिली. विचारलं, आवडत नाही ती भाजी हा ओला कचरा का? काय शंका! म्हटलं, जे खाल्लं जाणार नाही तो कचराच. झालं, सगळ्या वर्गाचे डबे बादलीत रिकामे. घंटा झाली आणि मुलं हलक्या पोटी मैदानावर पळाली. प्रतिसाद अफाट.

५ जुलै, शनिवार
वर्गीकरणासाठी घरून स्टीलची ताटं नेली. एक अख्खं थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. खताला तेल-तूप वर्ज्य. बाजूला काढलं. काढून ठेवायचं कुठे? खाल्लं. अन्नाची नासाडी टाळणं अभ्यासक्रमातच आहे.

८ जुलै, मंगळवार
पोळी-भाजी केंद्राची भाजी आज पुन्हा पाण्यात पोहत होती. साकेतची आई, प्रमोदिनी, जाऊन दोन वर्षं होतील. एकट्याचं तसं काही अडत नाही. एकट्या माणसाचा कार्बन फूटप्रिंट किती कमी असतो, याची कोणी दखल घेत नाही.

१२ जुलै, शनिवार
साखरेने मुंग्या होतात. शिरा बाजूला. दह्याने वास सुटतो. दहीभात बाजूला. मिठाने गांडुळं मरतात. बाकीचं सगळंच बाजूला. ड्रममध्ये केळ्यांची सालं घातली. दुपारी छान झोप लागली.

१९ जुलै, शनिवार
घरून लिंबाचं लोणचं नेलं. कारण लिहिण्याची गरज नाही. मुलांना शास्त्रीय मार्गदर्शन केलं: गिलक्याने खत बिघडतं, खताला भेंडी मानवते. केंद्राचा शनिवारचा डबा बंद केला. पर्यावरणाची सुरुवात स्वतःपासून.

२६ जुलै, शनिवार
निम्म्या वर्गाच्या डब्यात भेंडी! मुलं किती ऐकतात! प्रत्येक आईची फोडणी वेगळी. एकीची तर थेट प्रमोदिनीची, मोहरी जराशी करपलेली. बादली उपडी घालून तिच्यावर बसून राहिलो. घंटा झाली तरी उठवेना. शनिवार आठवड्यातून एकदाच येतो, हे मला मान्य नाही.

३० जुलै, बुधवार
पालकसभा. आया म्हणाल्या, शनिवारी डबा चाटूनपुसून घरी येतो, मुलं अन्न टाकायची थांबली. श्रेय मला. टाळ्या. शीला मॅडमनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, पुढल्या वर्षीपासून पहिली ते दहावी सगळ्या वर्गांना हा तास. जिंकलो! या शनिवारी पालकांना तयार खत दाखवायचं, एवढंच. साकेतला फोन केला. मीटिंगमध्ये होता.

२ ऑगस्ट, शनिवार
ड्रम उघडला. तळाशी वाळलेली सालं आणि बदामाची दोन पानं. म्हटलं, सूक्ष्मजीवांची कार्यक्षमता जबरदस्त आहे. तेवढ्यात वल्लरी पुढे आली आणि पालकांना प्रोसेस समजावून सांगितली. आम्ही सरांना डबा देतो. सर या बादलीवर बसतात. मग सगळं खातात. तिखट लागलं की पाणी पितात. उच्चार स्पष्ट, आत्मविश्वास उत्तम.
कोणीतरी चिडायला हवं होतं. कोणी चिडलं नाही. वल्लरीची आई, ऋजुता, हळूच म्हणाली, काका, घरी कोण असतं तुमच्या? मी ड्रमच्या झाकणाविषयी बोलत राहिलो.
नंतर मॅडमनी केबिनमध्ये चहा दिला. म्हणाल्या, शनिवारी आता चित्रकला ठेवू, तुम्ही दगदग करू नका. एवढीएवढी पोरं माझ्यापायी उपाशी राहिली, हे त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

५ ऑगस्ट, मंगळवार
चित्रकला तात्पुरती असणार. आराखड्यात किरकोळ दुरुस्ती: सुरुवात दुसरीपासून.

९ ऑगस्ट, शनिवार
सकाळी इस्त्रीचे कपडे घालून तयार बसलो होतो. मग लक्षात आलं, रक्षाबंधन, शाळेला सुट्टीच आहे. म्हणजे माझा तास बुडाला असं म्हणता येणार नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
आज सुट्टी नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार, दुपार
फडके रोडवर वल्लरी दिसली, आईबरोबर. मी समोरच्या फुटपाथला वळणार होतो, पण कार्टीने लांबूनच हाक मारली. जवळ गेलो. विचारलं, काय गं, पर्यावरणाचं काय काय लक्षात आहे? तिने खूप विचार केला. काही आठवेना. मग तिनेच मला विचारलं, सर, तुम्ही जेवलात का? इतक्या मोठ्याने, की नारळवाला थांबून बघायला लागला.
प्रमोदिनी गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, हो तर, मघाशीच जेवलो. तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं आणि आईला सांगितलं, आई, सर खोटं बोलतायत. ऋजुता ओशाळली, तिला ओढून घेऊन गेली. मी घरी आलो आणि दार लावून रडलो.